जुना मळ टाकावा

“आधी यांची आंघोळ,” लीव्हन म्हणाला, आणि क्षणभर मला वाटलं, तो आमच्याबद्दलच बोलतो आहे.

त्याची आत्या पेले धूत होती. दगडी हौदात थंड पाणी होतं. त्यात ती एकेक पेला बुडवायची, उलटा करून झटकायची आणि न पुसता ओल्या फडक्यावर मांडायची.

“आत्याचं म्हणणं असं, की कोरडा पेला उद्धट असतो,” लीव्हनने भाषांतर केलं. “बिअरशी नीट वागत नाही. फेस मोडतो.”

“वा!” कवठेकर सर म्हणाले. “आमच्याकडे पाहुण्यांचे पाय धुतात, तुमच्याकडे पेल्यांचे. लिहून घ्या, शरयूबाई.”

मी लिहून घेतलं. नऊ वर्षं मी लिहूनच घेत होते.

ही गोष्ट ऑक्टोबर १९८८ मधली. बेल्जियममधल्या घेंटपासून तासाभराच्या अंतरावर, स्खेल्डे नदीच्या काठी फान हेस्टेल कुटुंबाची ब्रुअरी होती. पाच पिढ्या तीच जागा, तीच विहीर. पाचवी पिढी म्हणजे आमच्यासमोर गमबूट घालून उभी असलेली गोडेलीव्ह आत्या, वय एकाहत्तर. तिचा भाचा लीव्हन घेंटच्या विद्यापीठात भारतविद्या शिकवायचा. दोन वर्षं पुण्यात राहून तो मराठी शिकला होता. अर्धी पोथ्यांतून आणि अर्धी त्याच्या घरमालकीण भागवतकाकूंकडून. त्यामुळे तो ‘आपण आसनस्थ व्हावे’ म्हणायचा आणि पुढच्याच वाक्यात ‘काय मेलं हे ऊन’.

डॉ. अनंतराव कवठेकरांना त्या विद्यापीठाने बोलावलं होतं ते त्यांच्या ‘मद्यसंज्ञाकोशा’साठी. संस्कृत आणि जुन्या मराठीतल्या मद्याविषयीच्या अकराशे बेचाळीस शब्दांचा तो कोश. मुखपृष्ठावर एकच नाव. प्रस्तावनेच्या शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य: ‘कार्डे अकारविल्हे लावण्याचे किचकट काम श्रीमती शरयू बेहेरे यांनी चिकाटीने केले.’ या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. पुढच्या आयुष्यात पुष्कळ वाचूनही खोटेपणाचा इतका सत्यनिष्ठ नमुना मला पुन्हा भेटला नाही. कार्डं लावण्यापूर्वी ती कुणाला तरी लिहावी लागतात, एवढंच त्यात यायचं राहिलं होतं.

सरांना मोतीबिंदू झाला होता, म्हणून त्यांच्यासोबत मी. त्यांचे डोळे, असं ते प्रेमाने म्हणत.

त्याच दिवशी सकाळी ग्रंथालयात लीव्हनने मला एकटीला गाठलं होतं. पलीकडच्या दालनात सर एका ताडपत्राशेजारी उभे राहून फोटो काढून घेत होते. लीव्हनपुढे आमच्या कार्डांच्या छायाप्रती होत्या आणि बाजूला मी त्याला प्रवासाच्या तयारीसाठी लिहिलेलं पत्र.

“शरयूताई, दोन्हीकडे ‘ळ’ एकच आहे,” तो म्हणाला. “शेपूट तुटलेला.”

“पुष्कळांचा तसा असतो.”

“सरांचा नाही. त्यांचंही पत्र आहे माझ्याकडे.” त्याने आवाज खाली आणला. “हे बघा, कोशाची इंग्रजी आवृत्ती आम्ही करणार. तीन वर्षांचं काम, इथे राहून. समितीला ज्याने नोंदी केल्या तो माणूस पाहिजे. उद्या सरांचं व्याख्यान झालं की समिती बसेल. तुम्ही मला एकदा सांगा, ‘नोंदी माझ्या आहेत.’ तीन शब्द. पुढचं मी अक्षर दाखवून बघतो.”

मी संध्याकाळपर्यंतचा अवधी मागितला. भीती वाटली म्हणून नव्हे. पाठीमागे सांगितलेलं खरंही चुगलीसारखं ऐकू येतं. ते तीन शब्द मला सरांच्या देखत उच्चारायचे होते. आणि खरं सांगायचं तर, आधी त्यांच्या तोंडून निघायला हवे होते. म्हणून दुपारी ब्रुअरीतल्या लांबट, फरशीच्या खोलीत बसताना मी सरांच्या समोरची खुर्ची निवडली.

पहिला पेला आला. फिकट, जवळजवळ पाण्याच्या रंगाचा.

“ही रोजची, घरातली,” लीव्हन म्हणाला. “आत्याच्या लहानपणी मुलं शाळेतून आली की जेवताना हीच प्यायची.”

“मुलं?” सरांनी भुवया उंचावल्या. “मग पाढे कोण म्हणायचं?”

लीव्हनने विचारलं. आत्याने उत्तर दिलं.

“मुलंच. पण जरा मोठ्याने.”

मी पेल्याकडे पाहत राहिले. मला मद्याची अकराशे बेचाळीस नावं माहीत होती. चव एकाचीही नाही.

“घ्या हो, बाई,” सर म्हणाले. “संशोधन आहे हे. प्रायश्चित्ताचं पुण्याला गेल्यावर बघू.”

मी घोट घेतला. तव्यावर भाकरीचा पापुद्रा सुटताना जो वास येतो, तो आधी आला. चव त्याच्या मागून, लाजत. यात रागावण्यासारखं काही नव्हतं. त्याचंच थोडं आश्चर्य वाटलं.

दुसरी गढूळ पिवळी होती. तिच्यात संत्र्याची साल आणि धणे.

“धणे!” सर ओरडले. “अहो आत्याबाई, ही तर आमच्याकडे तापात देतात!”

आत्याने पेल्यातल्या गढूळपणाकडे बोट दाखवून एक शब्द उच्चारला. “खिस्त.”

“ख्रिस्त? ह्यात?”

“खिस्त, सर, खिस्त,” लीव्हन घाईघाईने म्हणाला. “किण्व. यीस्ट.”

“अस्सं. म्हणजे दोघांवाचूनही तुमचं चालत नाही.”

याचं भाषांतर लीव्हनने केलं नाही. आत्याच्या गळ्यात बारीकसा क्रूस होता.

तिसरी चेरीची. लाल, आंबट, शेवटी किंचित गोड. मला आमसुलाच्या साराची आठवण झाली आणि त्यापाठोपाठ सार एकटीपुरतं कधी जमत नाही याची. आत्याने चीजचे चौकोनी तुकडे आणि मोहरीची वाटी पुढे सरकवली, माझ्याकडे पाहत काहीतरी विचारलं. लीव्हन जरा अडखळला.

“आत्या विचारते, तुम्ही एकट्या राहता का? तुम्ही पेला दोन्ही हातांनी धरता, म्हणून.”

“सांगा, घरात पुस्तकं आहेत.”

त्याने सांगितलं. आत्या काहीतरी पुटपुटली.

“म्हणते, मग धूळ पुष्कळ असेल.”

“बाईंनी सगळं आयुष्य विद्येला वाहिलंय,” सर मध्येच म्हणाले. माझ्या आयुष्याची ही आवृत्ती त्यांनी फार पूर्वीच प्रसिद्ध केली होती. तिलाही प्रस्तावना त्यांचीच.

चौथ्या पेल्यासाठी आत्या तळघरात गेली आणि एक बुचाची बाटली घेऊन आली. झोपलेलं मूल उचलून आणावं तशी, सरळ, न हिंदकळू देता. ही त्यांची जुनी तपकिरी बिअर. तीन उन्हाळे लाकडी पिंपात काढलेली, मग बाटलीत भरून पुन्हा मुरवलेली. तिने पेला तिरका धरून सावकाश ओतली आणि बाटलीत दोन बोटं उरलेली असताना थांबली. काचेतून दिसत होतं: तळाशी मातकट, ढवळल्यासारखं काहीतरी.

ती लीव्हनला काही बोलली. त्याने बाटली माझ्याकडे केली.

“हे आम्ही ज्याला त्याला विचारतो. तळ राहिलाय. टाकू, शरयूताई?”

पावसाळ्यात नळाला येतं तसं ते पाणी. “टाका,” मी म्हणाले.

त्याने बाटली गोल फिरवली आणि तळचा सगळा गाळ माझ्या पेल्यात ओतला.

“अहो! टाका म्हटलं मी!”

“टाकला की.”

“टाका म्हणजे… टाकून द्या. बाहेर.”

लीव्हन गोंधळून बाटलीकडे पाहू लागला. “पण भागवतकाकू म्हणायच्या, लीव्हन, आमटीत गूळ टाक. लीव्हन, वरणात मीठ टाक. दोन वर्षं मी त्यांच्या स्वयंपाकघरात नुसता टाकत होतो. एकदाही काही बाहेर गेलं नाही.”

सर खो खो हसले. “ऐका, बाई! बेल्जियमचा माणूस तुम्हाला मराठी शिकवतोय!”

मीही हसले असावे. हसण्याचा आवाज माझ्याच बाजूने आला. पण माझ्या हातातला पेला टेबलावर टेकला होता आणि डोळ्यांपुढे सहाशे सतरा क्रमांकाचं कार्ड उभं होतं.

अठराव्या शतकातली एक लहानशी पोथी आम्हाला मिळाली होती. मद्याचे घट कसे लावावेत याची कृती तिच्यात होती. त्यातलं एक वाक्य मी त्या कार्डावर उतरवलं होतं: ‘घट लावितां जुना मळ टाकावा, मग मुख बांधावें.’ मळ म्हणजे आधीच्या घटाच्या तळाशी बसलेला गाळ. तो फेकून द्यावा, असा मी अर्थ लावला आणि त्यावर चार पानांची टीप लिहिली: जगभर मद्य करणारे जुन्याचा अंश नव्यासाठी राखतात, आपल्याकडे मात्र शुचितेच्या कल्पनेने तो टाकून देऊन घट शुद्ध करत. कोशातली ती सर्वांत गाजलेली नोंद. सरांनी तिच्यावर तीन लेख लिहिले. उद्याचं व्याख्यान तिच्यावरच होतं: ‘मद्यातील शौचविचार’.

टाकावा. मग मुख बांधावें. घटात काहीतरी टाकल्याशिवाय त्याचं तोंड कोण बांधतं? मी दहा वर्षांची असल्यापासून रोज संध्याकाळी कोमट दुधात कालच्या दह्याचा चमचा टाकत आले होते. सकाळी दही लागलेलं असायचं. विरजण नसेल तर शेजारच्या घरातून वाटीत आणायचं, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आणि ते वाक्य मी नऊ वर्षं, चार पानं, तीन भाषांतल्या तळटीपांसकट उलटं वाचलं होतं.

सरांना सांगायला मला पुरेसा वेळ होता. तो मी चीज खाण्यात घालवला.

“लीव्हनराव,” सर आता रंगात आले होते, “आत्याबाईंना सांगा, आमच्याकडे हे असलं चालत नसे. उद्या मी सांगणारच आहे, पण त्यांना आधी सांगा. आमच्या पोथीत स्पष्ट आज्ञा आहे. घट लावितां जुना मळ टाकावा! मळ म्हणजे हा तुमचा खिस्त. तो फेकायचा. घट स्वच्छ धुवायचा. मद्य करतानाही शौच! जगात दुसरीकडे याला तोड नाही.”

लीव्हनने भाषांतर सुरू केलं. अर्ध्यावर त्याचा आवाज मंदावला. त्याला बहुधा काकूंची आमटी आठवली असावी. तरी त्याने वाक्य पुरं केलं.

आत्या हसली. चांगली मोकळी, गमबुटांसकट हलून हसली. मग डोळे पुसत बोलत राहिली.

“म्हणते,” लीव्हन पेल्याकडे पाहत म्हणाला, “गाळ फेकून दिला तर तुमच्या लोकांनी पाणीच प्यायलं असणार. किंवा नशीब. कधी लागेल, कधी नासेल.”

“असं कसं? तुम्ही त्यांना नीट सांगा.”

“ती म्हणते, पहिल्या महायुद्धात जर्मनांनी आमच्या तांब्याच्या कढया उचलून नेल्या. चार वर्षं बिअर बंद. तिच्या आजीने गाळ दुधाच्या किटलीत घालून गल्लीतल्या बेकरीवाल्याकडे नेऊन दिला. त्याने त्याच्यावर चार वर्षं पाव केले आणि दर आठवड्याला थोडा मागे ठेवला. युद्ध संपलं तेव्हा कढया नव्हत्या, घोडे नव्हते, तिचे दोन काका परत आले नव्हते. किटली आली. आपण आत्ता जे प्यायलो, ते त्याच किटलीतलं आहे. ती विचारते, ज्या लोकांना घट लावायची कृती लिहून ठेवावीशी वाटली, ते लोक हे फेकतील का?”

खोलीत हौदाचं पाणी ठिबकत होतं. सर बुद्धिमान होते. हे मी त्यांच्याबद्दल कधीच नाकारलं नाही. त्यांनी चष्मा काढला, मफलरच्या टोकाने पुसला. मी ओठांची हालचाल पाहत होते. टाकावा. मग मुख बांधावें. त्यांना उमजायला मला लागला त्याहून कमी वेळ लागला.

“शरयूबाई,” ते मऊ आवाजात म्हणाले. “सहाशे सतरा. ते कार्ड तुमचं ना?”



ते लीव्हनकडे वळले. “तुमच्यापासून काय लपवायचं. ही नोंद माझी नव्हे. बाईंची आहे. नोंदी सगळ्या त्यांच्याच आहेत. मी विश्वासावर घेतल्या. आता माणूस म्हटलं की…”

लीव्हनचा हात बाटलीवर थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात इतका उघड आनंद होता, की मला त्याची कीव आली. सकाळी ज्या तीन शब्दांसाठी त्याने अक्षर जुळवत बसायची तयारी केली होती, ते सरांनी स्वतः, साक्षीदारांसमोर, शुद्धीवर असताना उच्चारले होते. मला फक्त मान हलवायची होती. एका चुकीवर सही केली की अकराशे बेचाळीस नोंदी माझ्या. आणि या देशात तीन वर्षं, नदीकाठी, माझ्या नावाची पाटी असलेली एक खोली.

नऊ वर्षांत त्यांनी एकदाही ‘बाईंचं’ म्हटलं नव्हतं. आणि म्हटलं तेव्हा या नोंदीला म्हटलं.

“नाही, सर,” मी म्हणाले. “मी फक्त कार्डं अकारविल्हे लावली. आपणच लिहिलंय प्रस्तावनेत.”

सरांनी चष्मा घातला आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. नवीन शब्द भेटल्यावर ते जसे पाहत, तसं ते पाहणं होतं. मग त्यांनी पेला उचलून संपवला.

“खरं आहे,” ते म्हणाले. “कोश माझा आहे.”

आत्याला मराठी येत नव्हती. तिने माझ्यापुढचा न प्यायलेला, गाळाने ढगाळलेला पेला पाहिला आणि भाच्याला खडसावलं.

“म्हणते, टाकलाय तर प्या,” लीव्हन म्हणाला. त्याचा आवाज सपाट होता. “नाहीतर तो वाया जातो.”

मी प्यायले. आंबट, कडवट, आणि खाली काहीतरी जाडसर, जिवंत. चांगलं होतं. त्या दिवशीच्या सगळ्यांत चांगलं तेच होतं.

निघताना आत्याने आम्हा दोघांना एकेक बाटली दिली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, बुचावर मेण लावलेली. पाचवी बिअर, जी त्या दिवशी चाखायची नव्हती. तिने माझ्या हातात ती देताना लीव्हनने न विचारता भाषांतर केलं.

“उभी ठेवा. दहा वर्षं, वीस वर्षं. हिला घाई नसते.”

परतीच्या वाटेवर सर गाडीत मागे झोपले. दोन्ही बाजूंना सपाट शेतं आणि ओळीने उभी, पानं गळणारी उंच झाडं. लीव्हन गाडी चालवत होता.

“तीन शब्द होते,” तो शेवटी म्हणाला. “आज तर एकसुद्धा नको होता. नुसती मान.”

“समितीला चूक करणारी बाई चालली असती?”

“समितीला नोंदी करणारी बाई पाहिजे होती. चुका आम्ही पण करतो. मी तर आज दुपारीच एक केली, तुमच्या पेल्यात.”

मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

“एक विचारू? राग नका मानू,” तो म्हणाला. “मी परका माणूस. मला त्या शब्दाचा एक अर्थ येत होता, आज दुसरा कळला. तुमची तर मातृभाषा. तुम्हाला एकच कसा दिसला?”

“थकले आहे मी, लीव्हन,” मी म्हणाले.

ते खरंच होतं, म्हणून त्याने पुन्हा विचारलं नाही. आणि मी त्याला काय सांगणार होते? की मिरजेला माझ्या माहेरी पाहुणे आले की मी चहा ठेवून आत वळायचे आणि पाठीमागे कुणीतरी आवाज खाली आणून माझी ओळख पुरी करायचं, एका शब्दात. ‘टाकलेली आहे.’ नवऱ्याने मला लग्नानंतर अकरा महिन्यांनी, न भांडता, बॅगेसकट माहेरच्या दारात आणून सोडलं होतं. त्याच वर्षी मी सरांकडे कामाला लागले. त्याच वर्षी सहाशे सतरावं कार्ड लिहिलं. भागवतकाकूंच्या स्वयंपाकघरात या क्रियापदाला आमटीचा वास असेल. माझ्या घरात त्याचा एकच अर्थ होता आणि तो सगळ्यांना पाठ होता.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. सरांनी आणलेला निबंध उघडलाच नाही.

“काल दुपारी,” त्यांनी सुरुवात केली, “एका ब्रुअरीत मला माझीच चूक सापडली.”

पुढचा पाऊण तास त्यांनी ती चूक उलगडून दाखवली. मळ. टाकावा. मग मुख बांधावें. आमटीतला गूळ, युद्धातली किटली, दह्याचं विरजण. विरजणाचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. ते त्यांना आपणहून सुचलं, हे मान्य केलं पाहिजे. बाटलीचा प्रसंगही त्यांनी सांगितला. त्यांच्या सांगण्यात ‘टाका’ म्हणणारे तेच होते आणि गाळही त्यांच्याच पेल्यात पडला होता. लोक हसले, मग गंभीर झाले, मग उभे राहिले. स्वतःची गाजलेली नोंद स्वतः खोडणारा विद्वान कुणी रोज पाहत नाही. ती खोडायला ती त्यांची असणं आवश्यक होतं, आणि ती त्यांची आहे असं आदल्या दिवशी मी दोन साक्षीदारांसमोर सांगितलं होतं.

शेजारच्या खुर्चीवरून लीव्हनने माझ्याकडे पाहिलं. सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या.

समितीने इंग्रजी आवृत्तीचे प्रमुख संपादक म्हणून सरांना नेमलं. ‘टाकावा’वरचं ते व्याख्यान पुढे सहा ठिकाणी छापून आलं, मूळ कोशापेक्षा ते अधिक वाचलं गेलं. शनिवारच्या विमानाने मी परत आले. लीव्हनची दोन पत्रं आली. पहिल्यात आत्याची खुशाली होती, आणि दुसऱ्यात ती गेल्याची बातमी. किटलीतलं बी आता तिच्या भाचीकडे आहे, असं त्याने लिहिलं होतं. मी उत्तर लिहिलं. ‘ळ’ची शेपूट या वेळी नीट काढली.

गेल्या वर्षी सरांची जन्मशताब्दी झाली. ‘कोशाच्या कामात साहाय्य करणाऱ्या’ म्हणून मला पाच मिनिटं आठवणी सांगायचं निमंत्रण होतं. मी गेले नाही. त्या दुपारी मी कपाटाच्या तळातली बाटली काढली. चौतीस वर्षं ती उभी होती. वर्तमानपत्र पिवळं पडून तिच्या अंगाला चिकटलं होतं.

आधी पेला थंड पाण्यात बुडवला, झटकला, पुसला नाही. बूच हातात चुरलं. फेस आला नाही. त्याची आशाही नव्हती. रंग गडद, चिंचेच्या कोळासारखा. खजूर, जुनं चामडं, मागे कुठेतरी भाकरीचा पापुद्रा. खिडकीशी बसून, पेला दोन्ही हातांनी धरून, मी ती सावकाश प्यायले. पेला रिकामा झाला तेव्हा बाटलीत दोन बोटं उरली होती, मातकट, ढवळल्यासारखी.

मी बाटली उजेडात धरली.

“टाका,” मी मोठ्याने म्हणाले.

चुकीचा अर्थ घेणारं घरात कोणी नव्हतं.